कोल्हापुरी चपलांचं छोटं ऑनलाइन दुकान : प्रकल्प नोंदी

२८ जुलै २०२५

दुकान दसऱ्याच्या आधी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघडायचं. जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यापासून सगळीकडे चर्चा आहे, तेव्हा जाहिरात लगेच सुरू करावी असा आग्रह झाला. तो मानलेला नाही. चप्पल ऑनलाइन विकताना पैसा बुडतो तो माप चुकल्यामुळे. घट्ट झालेला जोड परत येतो, दुसरा पाठवावा लागतो, आणि एका विक्रीवर तीन वेळा कुरिअरचं भाडं बसतं. म्हणून आधी माप, मग दुकान, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी.

सुरुवातीचा माल सहाच प्रकारांचा: कापशी, कुरुंदवाडी आणि साधी पट्ट्याची, प्रत्येकी नैसर्गिक आणि गडद तपकिरी रंगात. सगळे पुरुषांचे नंबर. प्रत्येक प्रकारात ७, ८, ९ नंबरचे तीन-तीन आणि ६ व १० चा एक-एक, म्हणजे अकरा जोड. एकूण ६६ जोड, सरासरी ८०० रुपये धरून ५२,८०० रुपयांचं भांडवल. चाळीस प्रकार ठेवले असते तर प्रत्येकात एकच नंबर आला असता. मग गिऱ्हाईक चित्र पसंत करतं, नंबर नाही म्हणून निघून जातं.

३० जुलै

‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव ठरावीक क्षेत्रातल्या मालापुरतं राखलेलं आहे. त्याची मालकी महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्याकडे संयुक्तपणे आहे. क्षेत्र आठ जिल्ह्यांचं: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ज्या कारागिरांची नोंद आहे त्यांच्याच जोडांवर चिन्ह राहील, आणि त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत फाईलला लावून ठेवायची. बाकीच्या जोडांवर नाही, मग ते कितीही उत्तम असोत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत, तिकडे जाऊ नये. जीएसटीचं मात्र नीट बघायला हवं. दुसऱ्या राज्यात माल विकला की छोट्या उलाढालीची सूट सहसा मिळत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळी सवलत आहे, पण आपला माल त्या यादीत बसतो का हे कर सल्लागाराकडून लेखी घ्यावं. आम्ही नोंदणी करून घेतली, कारण बेंगळुरू-हैदराबादच्या ऑर्डरी नाकारायच्या नाहीत. महाराष्ट्रातल्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा), बाहेरच्या बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य कर). एचएसएन, म्हणजे बिलावरचा मालाच्या वर्गाचा क्रमांक, ६४०३२०. या क्रमांकाचं वर्णनच असं आहे: कातडी तळ, पावलावरून आणि अंगठ्याभोवती कातडी पट्टे.

४ ऑगस्ट

मोजणीचा दिवस. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

एकाच कारागिराचे, एकाच प्रकारचे सात नंबरचे जोड शेजारी शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. तळ हाताने कापला जातो, फर्म्याभोवती (मापाच्या साच्याभोवती) रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, फिरवताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराची पायरी एक तृतीयांश इंच, म्हणजे ८.४७ मिमी असते. म्हणजे पाच-सहा मिमीचा फरक पडला की सातचा जोड आठच्या जवळ जातो. दुकानात गिऱ्हाईक पायात घालून बघतं, तिथे हे चालतं. ऑनलाइन फक्त आकडा दिसतो. म्हणून तळावर छापलेला नंबर विक्रीसाठी धरायचा नाही, प्रत्येक जोड मोजायचा.

मोजायची रीत: टेपने मोजू नका. तळाला किंचित बाक असतो आणि टेप त्या बाकावरून जाऊन जास्त माप दाखवते. चप्पल सपाट फळीवर ठेवा. टाचेच्या कडेला एक लाकडी ठोकळा, पुढच्या टोकाला दुसरा, आणि दोन ठोकळ्यांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. डावी-उजवी वेगळी मोजायची. दोहोंत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जोड कारागिराकडे परत, दुसऱ्या जोडीदाराशी लावून घ्यायचा. मग जोडाच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलने तीन गोष्टी: तळ मिमीमध्ये, पट्ट्याखालचा घेर, अंगठ्याची कडी घट्ट की सैल.

तळ पायाच्या लांबीपेक्षा ५ ते १२ मिमी मोठा हवा. पाचाच्या खाली गेला की टाच मागे लोंबते, बारापेक्षा जास्त झाला की चालताना टाचेकडचा भाग फटफट वाजतो. तळ कधी लांबत नाही, पण पट्टा आठ-दहा दिवसांत पायाप्रमाणे सैलावतो. म्हणून लांबी नेमकी आणि पट्टा सुरुवातीला थोडा घट्ट असाच जोड पाठवायचा. हे गिऱ्हाइकाला विकत घेण्याआधी सांगितलं नाही तर तो घट्टपणा त्याला चूक वाटतो.

६ ऑगस्ट

गिऱ्हाइकाने पाय कसा मोजावा? घरात टेप नसते, पण ए-फोर कागद आणि शाळेतली १५ सेंटिमीटरची पट्टी बहुतेक घरांत सापडते. ए-फोरची लांबी २९७ मिमी. कागदाची आखूड बाजू भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायची, टाच भिंतीला लावून सरळ उभं राहायचं, सगळ्यात पुढे येणाऱ्या बोटाशी खूण करायची. आता पूर्ण पाय मोजायचा नाही. खुणेपासून कागदाच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि २९७ मधून वजा करायचं. अंतर ४२ मिमी आलं तर पाय २५५. लहान अंतर लहान पट्टीने मोजलं की चूक कमी होते.

कुठे चुकतं:
खाली बसून मोजलं तर पाय आखूड येतो, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. सकाळी मोजलं तरी कमी येतं, संध्याकाळी मोजा. एकच पाय मोजू नका, दोन्ही मोजून मोठा धरा. काहींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा पुढे असतं, खूण तिथे करायची. आणि कागद फूलस्केप असेल तर सगळंच बिघडतं, कारण तो ए-फोरपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त लांब असतो. म्हणून पानावर लिहिलं आहे: ‘कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर आणि लांबी २९.७ सेंटिमीटर आहे ना, तेवढं आधी तपासा.’

याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ करायचा: फक्त पाय, भिंत, कागद आणि पट्टी. प्रत्येक वस्तूच्या पानावर तो किमतीच्या लगेच खाली दिसायला हवा, ‘साइझ चार्ट’ नावाच्या दुव्याआड नको. आड ठेवलेलं कोणी उघडत नाही.

९ ऑगस्ट

फोटो. पिवळ्या बल्बखाली नैसर्गिक रंगाचं कातडं नारिंगी दिसतं, आणि घरी आलेला जोड ‘फोटोपेक्षा फिका’ म्हणून परत येतो. सकाळी नऊ ते अकरा, उत्तरेच्या किंवा सावलीतल्या खिडकीशी काढायचे. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढऱ्या थर्माकोलची शीट उभी केली की सावलीतली वीण दिसते. फोन तिपाईवर, बोटाने दाबून फोकस आणि उजेड पक्का करायचा, नाहीतर प्रत्येक फोटोत रंग वेगळा येतो.

प्रत्येक प्रकाराला सहा फोटो: जोड वरून, बाजूने, तळ, वादीच्या (कातड्याच्या बारीक पट्टीच्या) शिलाईचा जवळून, पायात घातलेला, आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेला. कापडावर फुलं-पानं मांडलेला फोटो इन्स्टाग्रामला चालेल, विक्रीच्या पानावर वीण दिसणं महत्त्वाचं. चौकोनी, २००० पिक्सेल, वेबपी स्वरूपात, वजन २०० केबीच्या आत.

१३ ऑगस्ट

दुकान वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवायची प्रणाली) आणि त्यावरच्या वूकॉमर्स या दुकानाच्या जोडणीवर. देखभालीला माणूस नसेल तर महिन्याचं भाडं देऊन शॉपिफायसारखी तयार जागा घेणं बरं, अपडेटनंतर चेकआउट बंद पडलं की ते ओळखायलाही कोणीतरी लागतं. आमच्याकडे ते बघणारं आहे.

वस्तूचं वर्णन असं लिहिलं:

‘कापशी, पुरुषांसाठी, नैसर्गिक रंग. म्हशीच्या कातड्याचा तळ, शेळीच्या कातड्याचा पट्टा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा नाही. रंग उन्हात आणि तेलाने गडद होतो. पावसात घालू नका. पाय २५० ते २५५ मिमी असेल तर हा जोड घ्या.’

यात ‘अस्सल’, ‘शाही’, ‘परंपरेचा साज’ हे शब्द मुद्दाम टाळले. वाचणाऱ्याला ठरवायला मदत होईल ती माहिती आधी. नावात मात्र लोक शोधताना जे टाइप करतात ते यायला हवं: प्रकार, ‘कोल्हापुरी चप्पल’, पुरुष की स्त्री, रंग. बरेच जण रोमन लिपीत शोधतात, म्हणून पानाचा पत्ता आणि फोटोच्या फाईलचं नाव रोमन लिपीत. कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं नाव ठेवू नका.

१८ ऑगस्ट

पेमेंटची चाचणी. एक रुपयाची वस्तू तयार करून यूपीआय, कार्ड आणि नेटबँकिंग तिन्ही रस्त्यांनी घेतली. यूपीआयच्या वेळी मुद्दाम ब्राउझर बंद केला: पैसे गेले, ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’. त्यापुढे मोठा धोका आहे. वूकॉमर्स मुळात ६० मिनिटं माल राखून ठेवतं आणि तोवर पैसे जमा झाल्याचं कळलं नाही तर ऑर्डर आपोआप रद्द करतं. गिऱ्हाइकाचे पैसे कापलेले, ऑर्डर रद्द, आणि तोच एकमेव जोड दुसऱ्याला विकलेला.

उपाय वेबहुक: पेमेंट झालं की गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) थेट दुकानाला कळवतो, गिऱ्हाइकाचा ब्राउझर चालू असो वा नसो. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये दुकानाचा वेबहुक पत्ता आणि गुप्त कळ भरायची, ‘पेमेंट कॅप्चर्ड’ ही घटना निवडायची, आणि तीच चाचणी पुन्हा करायची. दुसऱ्यांदा ऑर्डर पंधरा सेकंदांत ‘प्रोसेसिंग’ झाली.

ऑर्डरचे ईमेल स्पॅममध्ये जात होते. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी जोडल्या (मेल खरंच आपल्याकडून आला याची खूण), आणि मेल संकेतस्थळाच्या होस्टिंगवरून न पाठवता एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेतून पाठवला. आता नीट पोहोचतात.

२० ऑगस्ट

कायद्याची पानं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दिसायला हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात. खोक्यावरच्या लेबलावर: वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नंबर, ‘१ जोड’, सर्व करांसहित कमाल किंमत, ग्राहक सेवेचा फोन आणि ईमेल. संकेतस्थळावर ‘मूळ देश: भारत’.

२३ ऑगस्ट

खोकं. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. बाजारातलं तयार बुटाचं खोकं ३२ × २० × ११: ७०४० भागिले ५०००, म्हणजे १.४१ किलो, आकारणी दीड किलोची. आतला जोड काट्यावर पाऊण किलोच्या आत. कोल्हापुरी सपाट असते, तिला बुटाचं खोकं नकोच. एक चप्पल उलटी ठेवून दुसरीवर बसवली की २९ × १८ × ८ चं खोकं पुरतं: ४१७६ भागिले ५०००, ०.८४ किलो, आकारणी एक किलोची. प्रत्येक पार्सलमागे अर्ध्या किलोचं भाडं वाचतं. तीन थरांचा पुठ्ठा घ्या, पातळ पुठ्ठा पावसाळी गोदामात मऊ पडतो.

आत वर्तमानपत्र गुंडाळू नका, नैसर्गिक रंगाच्या कातड्यावर शाई उमटते आणि ती निघत नाही. बटर पेपर वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत जोड बंद केला तर दमट हवेत दोन-चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. कातड्याभोवती कागद, कागदात ५ ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, मग खोकं, आणि प्लास्टिकची कुरिअर पिशवी सगळ्यात बाहेर. माल मांडणीवर जमिनीपासून हातभर वर, भिंतीला न टेकवता.

२६ ऑगस्ट

परदेशी ऑर्डर तूर्त बंद. अमेरिका ८०० डॉलरपर्यंतची आयात शुल्काची सूट २९ ऑगस्टपासून काढून टाकते आहे आणि भारतीय टपाल खात्याने कालपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींकडून विचारणा येते, पण पोहोचल्यावर किती शुल्क बसेल हे सांगता येत नसताना पैसे घेणं बरोबर नाही.

८ सप्टेंबर

दुकान उघडलं. किंमत १,४५० रुपये, १८ टक्के जीएसटीसह. एका जोडाचा हिशेब: करामध्ये २२१, कारागिराला ८००, खोकं-कागद ३५, कुरिअर ८५, गेटवेचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर मिळून ३४. हातात २७५.

माप चुकून बदली झाली तर उलट्या आणि नव्या फेरीचे मिळून साधारण १८० जातात, उरतात ९५. जाहिरातीची एक क्लिक ३ रुपयांना पडली आणि शंभरांत दोघांनी घेतलं तर एका ऑर्डरमागे १५० खर्च, चालेल. शंभरांत एकानेच घेतलं तर ३००, म्हणजे प्रत्येक विक्रीवर तोटा. म्हणून सशुल्क जाहिरात आज नाही.

१२ सप्टेंबर

फुकटची कामं आधी. गूगल सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप (दुकानाच्या सगळ्या पानांची यादी) भरला. गूगलच्याच मर्चंट सेंटरमध्ये, शोधात वस्तू दाखवणाऱ्या मोफत यादीसाठी, माल चढवला. तिथे बारकोड क्रमांक नसल्यामुळे सगळ्या वस्तूंवर इशारा आला. हाताने बनवलेल्या वस्तूला तो नसतो, ‘आयडेंटिफायर एक्झिस्ट्स’ला ‘नाही’ लिहिलं की झालं. खोटा क्रमांक टाकू नका, खातं अडकतं. नंबर, रंग, लिंग हे रकाने भरा आणि पानावरची व यादीतली किंमत एकच ठेवा.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग लावला. ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमधल्या कार्डावर ‘नंबर सेव्ह करा, चप्पल चावली तर याच नंबरवर लिहा’ असं छापलं. प्रत्येक ठिकाणच्या दुव्याला वेगळा यूटीएम टॅग (दुव्याच्या शेवटी जोडलेली ओळखखूण), नाहीतर ऑर्डर कुठून आली ते कळत नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आजपासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी. आपला करापूर्वीचा दर १,२२९, त्यावर ५ टक्के धरून १,२९० रुपये. कमी झालेला कर गिऱ्हाइकाला द्यायचा असतो, तो पूर्ण दिला. संकेतस्थळ, मर्चंट सेंटर, कॅटलॉग आणि खोक्यावरची लेबलं या चारही जागी किंमत एकाच रात्री बदलावी लागली. हातात राहणारी रक्कम जवळपास तेवढीच, २७८.

२९ सप्टेंबर

‘चप्पल चावते’ ही तक्रार मापाच्या तक्रारीपासून वेगळी काढली. अंगठ्याच्या कडीला किंवा पट्ट्याच्या कडेला घासत असेल तर बदली नको: आतून एरंडेल तेलाचे दोन-तीन थेंब बोटाने चोळायचे, रात्रभर ठेवायचं, आठवडाभर घरातच अर्धा-पाऊण तास घालायची. तेलाने रंग गडद होतो हे आधी सांगायचं. टाच बाहेर लोंबत असेल तर मात्र वाद न घालता लगेच बदली.

६ ऑक्टोबर

कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) चालू, अटींसह. परत आलेल्या पार्सलमागे जाण्या-येण्याचं भाडं आणि सीओडीचं शुल्क मिळून दोनशेच्या आसपास जातात. ऑर्डर आली की व्हॉट्सअॅपवर पायाची लांबी विचारायची. उत्तर आलं तरच पाठवायचं. ज्याने कागद ठेवून पाय मोजला तो पार्सल सहसा नाकारत नाही. आगाऊ पैसे देणाऱ्याला ४० रुपये सूट, ती सीओडीच्या शुल्कातूनच निघते.

दिवाळीसाठी मुदत ठळक लावली: महाराष्ट्राबाहेर १३ ऑक्टोबर, महाराष्ट्रात १६ ऑक्टोबर. पाडवा २२ ला, भाऊबीज २३ ला. त्यानंतर पोहोचलेल्या भेटीचा उपयोग नाही.

१० ऑक्टोबर

आता जाहिरात. मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्राम) दिवसाला ३०० रुपये, दोनच व्हिडिओ: एकात वादीने शिलाई घालणारे हात, दुसऱ्यात पाय मोजण्याची रीत. उद्दिष्ट ‘खरेदी’ ठेवलं. ‘लाइक’ किंवा ‘ट्रॅफिक’ निवडलं तर गर्दी येते, गिऱ्हाईक येत नाही. चार दिवस काहीही बदलायचं नाही, रोज हात घातला तर यंत्रणा शिकत नाही. ऑर्डरमागे १५० रुपयांच्या वर गेलं की तो व्हिडिओ बंद. ज्या प्रकाराचे तीनच नंबर शिल्लक आहेत त्याची जाहिरात त्याच दिवशी थांबवायची.

३ नोव्हेंबर

आलेल्या बदल्यांची वही चाळली. प्रत्येक बदलीपुढे तीन आकडे: गिऱ्हाइकाने सांगितलेला पाय, चिठ्ठीवरचा तळ, परत आल्यावर पुन्हा मोजलेला तळ. चिठ्ठी बरोबर होती. चुकत होतं ते रुंद पावलांचं: लांबी बसते, पण करंगळी पट्ट्याबाहेर निघते. उद्या मापाच्या पानात एक पायरी वाढवायची: बोटांच्या मुळाशी पावलाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजायचा. कारागिरांना ८ आणि ९ नंबरचे सहा जोड रुंद फर्म्यावर सांगितले आहेत, चिठ्ठीवर घेराचा रकाना आता लाल पेनाने.